मामांची नडगी, तालमीची माती आणि ‘आठ टक्के व्हायरस’वाला फॉरवर्ड

गेल्या आठवड्यात मामांचा फोन आला, पायाला जरा लागलंय, काळजीचं काही नाही म्हणून. मग मामीकडून खरं कळलं. म्हशीला उसाचं वाडं तोडताना कोयता निसटून नडगीवर बसला, दोन बोटं लांब जखम, ती पण गोठ्याच्या तोंडाशी, आणि मामांनी दवाखाना नको म्हणून तालमीतली लाल माती आणवली, हळदीत कालवली आणि जखमेत भरली. टीटीचं इंजेक्शन घेतलं का विचारलं तर म्हणाले, “आरं मर्दा, सायंटिस्ट लोकांनीच सांगितलंय, सुई टोचली की आतलं व्हायरस उठत्यात.” कुठल्या सायंटिस्टनी? तर भावकीच्या ग्रुपवर आलंय.

तो फॉरवर्ड मागवून घेतला. आधीच्या दोन ग्रुपवर पण येऊन गेलेला, मी न वाचता सोडलेला. इमोजी काढून टाकले तर मजकूर एवढाच: “आपल्या डीएनएमध्ये ८ टक्के प्राचीन व्हायरस झोपले आहेत. जखम झाली की ते जागे होतात, रक्तात पसरतात, कॅन्सर करतात, घरातल्यांना लागतात. टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन म्हणजे आणखी जखम, आणखी व्हायरस. डॉक्टर हे लपवतात. जुने पैलवान तालमीची माती आणि हळद लावायचे, त्यांना काही झालं नाही. अमेरिकेने हळदीचं पेटंट उगाच घेतलं नव्हतं. सात जणांना पाठवा.”

आधी मातीचं बोलतो, कारण बाकी सगळ्या थापांनी नुसतं डोकं फिरतं, या थापेनं माणूस जातो.

धनुर्वात व्हायरसने होतच नाही. तो होतो क्लॉस्ट्रिडियम टेटानी नावाच्या बॅक्टेरियाने, आणि हा राहतो कुठं तर मातीत आणि जनावरांच्या शेणात. म्हणजे गोठ्यात झालेल्या जखमेवर आपण औषध काय लावलं, तर माती! याचे बीजाणू, म्हणजे जाड कवचातलं रूप, उकळत्या पाण्यात काही मिनिटं ठेवले तरी तग धरतात, ते चिमूटभर हळदीला काय भीक घालणार. तालमीच्या मातीत हळद, ताक, लिंबू, तेल घालतात, ती जिवापाड जपतात, पाया पडल्याशिवाय कोण हौद्यात उतरत नाही, सगळं मान्य आहे, मी स्वतः लहानपणी दोन वर्षं लंगोट बांधून त्या हौद्यात लोळलोय आणि एकदाही कुस्ती जिंकलेलो नाही ते सोडा. पण ती माती अंगाला लावायची असते, अंगाच्या आत भरायची नसते. खोल जखम मातीनं लिंपली की आत हवा पोचत नाही, आणि या जंतूला नेमकी बिनहवेचीच जागा लागते. तिथं बसून तो विष तयार करतो, ते विष नसांमधून चढत मज्जारज्जूपर्यंत जातं आणि स्नायूंना ‘आता सैल हो’ म्हणून जो निरोप जात असतो तोच बंद पाडतं. आधी दातखिळी बसते, मग मान आखडते, मग पाठ धनुष्यासारखी वाकते. नाव उगाच नाही पडलेलं. आणि हे सगळं साधारण ३ ते २१ दिवसांत कधीही सुरू होऊ शकतं, त्यामुळं “चार दिवस झाले की, कुठं काय झालंय” हा मामांचा युक्तिवाद ऐकून मला घाम फुटलेला.

आता इंजेक्शन. त्यात व्हायरस नाही, जिवंत नाही की मेलेला नाही, व्हायरसचा तुकडा पण नाही. हेच विष फॉर्मॅलिन नावाच्या रसायनानं निकामी करून देतात, म्हणजे शरीराला त्याची ओळख पटते. ज्याला खरा धनुर्वात होऊन तो वाचतो त्याला सुद्धा नंतर लस द्यावी लागते, कारण हे विष इतक्या कमी मात्रेत काम तमाम करतं की शरीराला त्याची नीट ओळखच होत नाही. पैलवानांना काही झालं नाही म्हणणाऱ्यांना एवढंच, की ज्यांना झालं ते कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर बसून सांगायला आलेले नाहीत.

बरं, आता ते ८ टक्के. इथं मला नाइलाजानं मान डोलवावी लागते, कारण आकडा खरा आहे. २००१ साली मानवी जीनोमचा, म्हणजे माणसाच्या सगळ्या डीएनएचा, पहिला मसुदा छापून आला तेव्हापासून माहिती आहे की आपल्या डीएनएचा साधारण ८ टक्के भाग जुन्या रेट्रोव्हायरसपासून, म्हणजे आपली प्रत पेशीच्या डीएनएत घुसवणाऱ्या व्हायरसपासून, आलेला आहे. प्रथिनं बनवायची माहिती ज्या भागात असते तो दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे त्याच्या चौपट ही जुनी अडगळ. लाखो, बऱ्याचदा कोट्यवधी वर्षांपूर्वी हे व्हायरस आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत घुसले, तिथल्या डीएनएत शिवले गेले आणि मग बापाकडून लेकराला वारशात येत राहिले.

पण ‘झोपलेत’ हा शब्द चुकीचा आहे. झोपलेला उठून चालायला लागतो, हे मोडून पडलेले आहेत. एवढ्या काळात त्यांच्यात इतक्या चुका साचल्यात की माणसाच्या अंगातला एकही पूर्ण, दुसऱ्याला लागण करणारा असा सापडलेला नाही. २००६ साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी त्यातल्या सगळ्यात तरुण घराण्याच्या मोडक्या प्रती शेजारी शेजारी लावून, चुका दुरुस्त करून एक चालणारा व्हायरस लॅबमध्ये बनवला, त्याला नाव दिलं फिनिक्स, आणि तो सुद्धा अगदी मरतुकडी लागण करायचा. एवढी खटपट करावी लागली. ती काय मामांच्या नडगीत कोयत्याच्या एका घावानं होणार आहे का! ‘घरातल्यांना लागतात’ हे इथंच संपलं. कोण कोआलाचं उदाहरण घेऊन येईल तर हो, ऑस्ट्रेलियात कोआलांच्या डीएनएत असाच एक व्हायरस आत्ता, आपल्या डोळ्यांसमोर घुसतोय आणि तो लागतो पण. आपण कोआला नाही.

मग जखमेनं काहीच होत नाही का? होतं, आणि हे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं. त्या मोडक्या व्हायरसचं बाकी सगळं पडलं तरी दोन्ही टोकांचे तुकडे बरेच शिल्लक राहिलेत, आणि ते तुकडे म्हणजे जीन चालू-बंद करायची बटणं. पडक्या वाड्याच्या भिंती गेल्या पण दारावरची घंटा राहिली, असं समजा. एरवी पेशी त्यांना रासायनिक कुलपं लावून गप ठेवते. जखम झाली, भाजलं, सूज आली की पेशीत धावपळ सुरू होते, काही कुलपं सैल होतात, सूज आणणाऱ्या सिग्नलची प्रथिनं थेट त्या बटणांवर येऊन बसू शकतात, आणि त्या भागाच्या आरएनए प्रती, म्हणजे डीएनएवरून काढलेल्या कामापुरत्या नकला, निघायला लागतात. भाजलेल्या पेशंटच्या रक्तपेशींत या प्रती वर-खाली होताना मोजल्यात सुद्धा, प्रत्येकात वेगळ्या पद्धतीनं. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं बहुतेक असलंच काहीतरी अर्धं वाचलं आणि तिथून थेट कॅन्सरवर उडी मारली.

त्यानं पुढं वाचायला पाहिजे होतं. २०२१ साली सेल नावाच्या जर्नलमध्ये प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञ यास्मिन बेलकाईद यांच्या टीमचं काम आलं, उंदरांच्या कातडीवरचं. आपल्या कातडीवर सुद्धा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस नावाचा एक निरुपद्रवी जंतू कायम असतो. तो उंदरांच्या कातडीवर सोडला तर कातडीच्या पेशींतले हे जुने व्हायरसचे तुकडे थोडे बोलायला लागले, त्यांच्या प्रतींमुळं पेशीतली व्हायरस ओळखणारी अलार्म यंत्रणा वाजली, आणि त्यातून त्या जंतूसाठीच्या टी पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) तयार झाल्या, ज्या पुढं कातडी दुरुस्त करायला मदत करतात. मग त्यांनी उलटं करून बघितलं. या तुकड्यांच्या प्रती डीएनएत उतरणं औषधानं अडवलं, तर ही प्रतिकाराची तयारी ढासळली आणि दुरुस्तीचं काम पण बिघडलं. म्हणजे ज्याला फॉरवर्डवाला राक्षस म्हणतोय तो निदान उंदरात तरी जखम भरायच्या कामावर आहे! उंदीर म्हणजे माणूस नव्हे हे मलाही कळतं, पण उंदरातलं तेवढं सुद्धा फॉरवर्डच्या बाजूनं नाही. आणि हो, त्याच पेपरात जास्त चरबीचं खाणं दिलेल्या उंदरांत हे तुकडे जास्तच चेकाळले आणि सूज वाढली असं पण आहे. आता यावरून कोणी पांढऱ्या रश्श्यावर फॉरवर्ड काढू नका, हात जोडतो.

कॅन्सरचं थोडक्यात. काही गाठींमध्ये हे तुकडे जास्त चालू दिसतात, खरं आहे. पण कॅन्सरच्या पेशीत सगळीच कुलपं ढिली झालेली असतात, त्यात ही पण. नडगी कापली म्हणून ते उठले आणि त्यांनी गाठ केली, असं कोणी दाखवलेलं नाही. डॉक्टर लपवतात म्हणे! जे जगभर छापून आलंय ते गल्लीतला डॉक्टर काय लपवणार.

हळदीचं पेटंट मात्र ऐकून हसू आलं. १९९५ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला जखमेवर हळद वापरायचं पेटंट मिळालेलं, बरोबर. आपले शास्त्रज्ञ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुने ग्रंथ पुढं टाकून ते १९९७ मध्ये रद्द करायला लावलं, हे भारतात आधीपासून माहितीय म्हणून. वरवर खरचटलं तर हळद लावा की, कोण अडवतंय. धनुर्वाताची लस म्हणून ती चालते असं त्या पेटंटात पण नव्हतं.

मामांना शेवटी मीच गाडीत घालून नेलं. नर्सताईंनी जखमेतून माती धुऊन काढायला अर्धा तास घेतला, मामा सगळा वेळ छताकडं बघत गप. शेवटचं टीटी कधी घेतलेलं हे त्यांना आठवेना, म्हणून इंजेक्शनं दिली आणि टीटीचा पुढचा डोस चार आठवड्यांनी आहे. ज्या पाहुण्यांनी फॉरवर्ड टाकलेला त्यांना फोन करून विचारलं, तुमचं शेवटचं टीटी कधी झालंय? म्हणाले आठवत नाही. त्यांना पण त्याच दिवशी नेणार आहे, गाडीत जागा आहे.