गोराईतल्या त्या रात्रीबद्दल

नमस्कार मॅडम,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू दोनदा वाचला. गोराईला कॅम्पर व्हॅन लावून चौघं झोपलात, छताचा पंखा फुल्ल असूनही जीव गुदमरला, पहाटे काचेवरून पाणी ओघळून मुलाची उशी भिजली. आणि आमचा माणूस फोनवर म्हणाला, "पंखा चालू आहे ना, मग झालं." चूक आमचीच. निघताना "डास येतील, खिडक्या लावून घ्या" हेही त्यानेच सांगितलं होतं. विचारलं तेव्हा कबूल केलं.

तो पंखा आतली हवा बाहेर फेकतो. खालून नवी हवा यायला वाटच नसेल तर नुसता घरघरतो. शनिवारी रात्री मी आणि मेकॅनिक त्याच गाडीत बसलो. सगळं बंद करून उदबत्ती लावली. पंखा फुल्ल, तरी धूर बेडवरच घुटमळत राहिला. मग बेडजवळची सरकती काच चार बोटं उघडली, तर धूर सरळ पंख्याकडे निघाला. (गाडीला अजून देवघराचा वास येतोय, त्याबद्दल पुढच्या गिऱ्हाइकाची आगाऊ माफी.)

पाणी गळतीचं नव्हतं. चौघांचा श्वास, आत उकळलेला चहा, वाळत टाकलेले टॉवेल, ही सगळी वाफ आत कोंडली आणि पहाटे गार झालेल्या काचेवर जमली.

आता दोन्ही बाजूंच्या खिडक्यांना जाळी आणि पावसासाठी व्हायझर बसवलेत. समुद्राकाठी दोन्ही बाजू थोड्या उघड्या ठेवायच्या, कारण संध्याकाळी खारे वारे समुद्राकडून येतात आणि पहाटे मतलई वारे जमिनीकडून. ऑक्टोबरात मधले काही तास पानही हलत नाही, तेव्हा भिस्त पंख्यावरच. चहा मात्र गाडीबाहेर करा.

रात्रभर इंजिन चालू ठेवून एसी द्या, ही तुमची मागणी मान्य करता येणार नाही. उभ्या गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. त्यापायी आणखी एक स्टार गेला तरी चालेल.

त्या रात्रीचं भाडं आज परत पाठवतोय. मुलाच्या उशीचा अभ्रा गाडीतच राहिला होता, धुऊन ठेवलाय. पत्ता कळवलात तर कुरिअर करतो.