ती काच कापू नका

जुन्या काळचा फिरता फोटोग्राफर ह्यू मॅनगम याच्या काचेच्या निगेटिव्ह गेले काही दिवस रोज रात्री थोड्या थोड्या बघतेय. आज राहवलं नाही म्हणून लिहितेय.

मॅनगम अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहमचा. जन्म १८७७, मृत्यू १९२२. आगगाडीने गावोगाव फिरायचा, तात्पुरता स्टुडिओ मांडायचा आणि येईल त्याचा फोटो काढायचा. तो गेल्यावर या काचा घरच्या शेतावरच्या तंबाखूच्या कोठारात वर्षानुवर्षं पडून होत्या. १९७० च्या दशकात कोठार पाडायला निघाले, तेव्हा अगदी ऐनवेळी त्या वाचल्या. आज शेकडो काचा ड्यूक विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. कित्येक तडकलेल्या, कित्येकांचा जिलेटिनचा थर, ज्यावर चित्र उमटतं तोच, कडेने सुटून आलेला.

त्याचा कॅमेरा ‘पेनी पिक्चर’ जातीचा. आतली काच थोडी थोडी सरकवायची आणि एकाच काचेवर ओळीने तीसपर्यंत छोटे फोटो घ्यायचे. गरिबालाही परवडावं म्हणून केलेली सोय. पण त्यामुळे झालं असं, की माणसं ज्या क्रमाने खुर्चीत बसली त्याच क्रमाने काचेवर उमटली. कोणी हॅट घालून एकदा आणि काढून एकदा, कोणी मांडीवर बाळ घेऊन. आणि गोरी माणसं नि काळी माणसं लागून, एकाच काचेवर.

काळ कोणता, तर १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन खटल्यात गोऱ्या-काळ्यांसाठी रेल्वेच्या वेगळ्या डब्यांचा कायदा वैध ठरवला, त्यानंतरचा. १८९८ मध्ये याच राज्यातल्या विल्मिंग्टनमध्ये गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने शहराचं निवडून आलेलं सरकार उलथवलं होतं. रेल्वेच्या एका डब्यात ज्यांना बसू दिलं जात नव्हतं, ती माणसं इथे दोन बोटांच्या अंतरावर आहेत. आणि निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, त्यामुळे काच उजेडासमोर धरली की गोरा चेहरा काळा दिसतो, काळा उजळ. मॅनगमने धुतलेली प्रत्येक काच आधी अशीच पाहिली असणार.

म्हणूनच चीड येते. जुन्या फोटोंची पानं चालवणारे लोक यातला एखादा देखणा चेहरा कापून घेतात, चरे पुसतात, रंग भरतात आणि हजारो लाइक्स मिळवतात. पण शेजारी कोण होतं ते गेलं! यातल्या बहुतेकांची नावंही कुठे नोंदलेली नाहीत. आधी कोण बसलं, नंतर कोण आलं, एवढाच त्यांचा पत्ता उरलाय, आणि तोच आपण कात्रीने उडवतो.

रंगांबद्दल तर बोलायलाच नको. त्या काळच्या साध्या प्लेटला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, निळा मात्र भसकन उजळ यायचा. म्हणून छापलेल्या फोटोत लाल कापड काळपट दिसतं, निळे डोळे पांढुरके होतात, चेहऱ्यावरचे बारीक ठिपके गडद उठतात. त्यावर आज गालांना गुलाबी छटा देणं म्हणजे शुद्ध अंदाज, आणि तो फोटोत मिसळला की कुणाला ओळखू येणार?

एकेक चेहरा मोठा करून बघायला माझी ना नाही, मीही तासन्‌तास तेच करते. फक्त आधी अख्खी काच टाका, तडे, सुटलेल्या कडा आणि बोटांच्या ठशांसकट. चेहरा त्यानंतर.