संचित नफा दिसतो, मग पैसा कुठे गेला?

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. सार असं: 'रसायन कंपन्यांकडे संचित नफ्याचे, म्हणजे लाभांश देऊन उरलेल्या आणि वर्षानुवर्षं राखलेल्या नफ्याचे, डोंगर पडून आहेत. यंत्रांच्या झिजेपोटी घसारा त्या वेगळा काढतातच, म्हणजे हा पैसा निव्वळ दडवलेला. तरी कर्ज काढतात आणि मंदी आली की लाभांश कापतात. सगळं भागधारकांत वाटून टाका.' राग समजू शकतो, हिशेब मात्र चुकलाय.

'पडून आहेत' म्हणजे कुठे? ताळेबंदात हा आकडा भागभांडवलाच्या शेजारी असतो, रोख आणि बँकेतल्या शिलकीच्या शेजारी नाही. पैसा कुठून आला एवढंच तो सांगतो. आता तो कशात आहे, हे मालमत्तेच्या बाजूला बघावं लागतं. समजा 100 नफा झाला, 30 लाभांश दिला, 70 राखले. त्यातले 45 नव्या रिअ‍ॅक्टरमध्ये गेले, 15 कच्च्या मालाच्या साठ्यात आणि 10 गिऱ्हाइकांकडे उधारीत. संचित नफा 70, त्यातली हातातली रोकड शून्य. प्रत्यक्षातलं उदाहरण घ्या: नायट्रिक आम्लाच्या प्लांटमध्ये अमोनिया आणि हवेचं मिश्रण प्लॅटिनम-रोडियम या महागड्या धातूंच्या जाळीवरून जातं. वर्षानुवर्षं राखलेला नफा असाच कुठेतरी, साधारण 900 अंश सेल्सिअसला तापलेल्या जाळीत असतो. टाक्यांत आणि पाइपांत कायम भरून ठेवावा लागणारा मालही त्यातच आला. यातलं वाटणार काय?

घसाऱ्याचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. पण घसारा म्हणजे पैशाची वेगळी पेटी नव्हे. पूर्वी केलेल्या खर्चाचा एक हिस्सा दरवर्षी नफ्यातून वजा दाखवायचा, एवढंच त्यात होतं. शिवाय तो साधारणपणे मूळ किमतीवर मोजतात. वीस वर्षांनी तोच प्लांट नव्याने उभारायचा तर खर्च बहुधा जास्तच येतो. तो फरक राखलेल्या नफ्यातून किंवा कर्जातून भरायचा.

'मग कर्ज का?' इथिलीन या प्लास्टिकच्या मूळ कच्च्या मालाचा मोठा प्लांट, म्हणजे क्रॅकर, उभारायला अब्जावधी डॉलर आणि काही वर्षं लागतात. तेवढी रोकड आधी साठवत बसलेली कंपनी दिसली, तर हाच मेसेज 'पैसा कुजवला' म्हणून फिरेल.

आता लाभांश. डाऊ केमिकल या अमेरिकी कंपनीकडे संचित नफा अब्जावधी डॉलरचा होता. तरी फेब्रुवारी 2009 मध्ये तिने तिमाही लाभांश शेअरमागे 42 सेंटवरून 15 सेंटवर आणला. 1912 पासून एकदाही न झालेली कपात होती ती. डिसेंबर 2008 मध्ये कुवेतने डाऊबरोबरच्या भागीदारीतला संयुक्त प्रकल्प रद्द केला, त्यातून येणारे अब्जावधी डॉलर आलेच नाहीत. इकडे रोम अँड हास ही कंपनी घेण्याचा करार झालेला होता आणि मागणी कोसळली होती. संचित नफ्याचा आकडा जागच्या जागी होता, पण देणी भागवायला त्याचा उपयोग नव्हता. उलटं उदाहरण बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीचं. 2020 मध्ये तिने मालमत्तेचं मूल्य मोठ्या प्रमाणावर घटवलं आणि वर्षअखेर 1 अब्ज युरोहून थोडा जास्त तोटा दाखवला. तरी शेअरमागे 3.30 युरो लाभांश दिलाच. मूल्य घटवल्याने संचित नफा आटतो, पण खात्यातून एक युरोही बाहेर जात नाही आणि कामकाजातून रोकड येतच राहते.

मेसेज जिथे नेम धरू शकला असता, तो प्रश्न त्याने विचारलाच नाही: राखलेल्या पैशावर कमावलं काय? इथे या उद्योगाची बाजू खरंच लंगडी आहे. भाव चढले की प्रत्येक कंपनी क्षमता वाढवायला धावते, सगळे नवे प्लांट जवळपास एकाच वेळी सुरू होतात, मालाचा पूर येतो आणि मार्जिन कोसळतं. म्हणून दहाएक वर्षांत एकूण किती नफा राखला आणि त्या काळात कामकाजातून येणारी वार्षिक रोकड किती वाढली, हे शेजारी ठेवून बघावं. त्यातही तेजीच्या वर्षाची तुलना आधीच्या तेजीच्या वर्षाशीच करावी. दोन तेजींच्या मधे राखलेला नफा फुगला आणि रोकड तेवढीच राहिली, तर वार्षिक सभेत संचालकांना त्यावर खुशाल धारेवर धरा.