गोट्याखालचे किडे आणि ब्लिचिंग पावडर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. वाडीच्या, मुंबईकर मंडळाच्या आणि नातेवाइकांच्या दोन. मजकूर असा : नदीतला गोटा उलटा करा, खाली किडे दिसले तर पाणी खराब; त्यांचेच पुढे डास होतात. म्हणून पालापाचोळा काढा, कोंडीत, म्हणजे डोहात, ब्लिचिंग पावडर टाका आणि मे महिन्यात नदी आटून सगळं मेलेलं असतं तेव्हा जेसीबी फिरवून घ्या. शेवटी जोडलेले दोन हात.

किडे म्हणजे खराब पाणी? अहो, कुठले किडे ते तरी बघा. आमच्या वरच्या पऱ्यात, म्हणजे ओहोळात, मी परवाच गोटा उलटला. शेपटीला तीन दोरे असलेलं चपटं पिल्लू सरकन पलीकडच्या बाजूला पळालं. हे मेफ्लाय नावाच्या किड्याचं. पोटाच्या दोन्ही अंगांना पिसांसारखे कल्ले, आणि खाणं गोट्यावरचं शेवाळ खरवडून. असल्या कल्ल्यांना वाहतं, स्वच्छ, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. शेजारी वाळूचे कण रेशमाने चिकटवून केलेली नळी होती, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. आत कॅडिसफ्लायची अळी. तिची काही भावंडं नळीच्या भानगडीत पडत नाहीत. गोट्यांच्या फटीत जाळं विणतात आणि वाहत येईल ते गाळून खातात. खाडीत बोक्शीचं जाळं लावतात, तसंच. धारेखालच्या कातळावर तर पोटाला सहा चूषक असलेली एक अळी राहते. धो धो पाण्यातही ती जागा सोडत नाही.

पाणी खरंच सडलं की ही मंडळी आधी नाहीशी होतात आणि गाळात लालभडक अळ्या उरतात. तो लाल रंग हिमोग्लोबिनचा, म्हणून कमी प्राणवायूतही त्यांचं भागतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांत अशाच जिवांची कुळं मोजून पाण्याची प्रत ठरवतात.

आता डास. मेफ्लायच्या पिल्लाचा डास होणं म्हणजे बेडूकमाशाचा खेकडा होणं. डासाच्या अळीला श्वासासाठी पाण्याच्या पृष्ठभागाशी यावं लागतं, ते खळाळात जमत नाही. डेंगीचा डास तर आपल्याच पिंपात, टायरात आणि करवंटीत वाढतो. एक मात्र कबूल करतो : हिवताप पसरवणारा अ‍ॅनोफिलिस फ्लुविआटिलिस ओहोळाच्या संथ कडेला अंडी घालतो. पण त्याच पाण्यात चतुराची पिल्लं दबा धरून असतात. घडी घातलेला खालचा ओठ झटकन पुढे फेकून ती डासाच्या अळ्या पकडतात. पावडरीने दोघेही मरतात. डासाची नवी पिढी आठ-पंधरा दिवसांत उभी राहते, कित्येक चतुरांना महिने लागतात.

पालापाचोळ्याला कचरा म्हणणारा माणूस गटार बघून नदीबद्दल बोलतोय. डोंगरातला ओहोळ झाडांनी झाकलेला असतो. ऊन कमी, म्हणून शेवाळही कमी. तिथली चूल पेटते ती करंज-जांभळाच्या पानांवर. पण पाण्यात पडलेलं पान लगेच खाल्लं जात नाही. आधी त्यावर बुरशी चढते, पान मऊ पडतं, मग किडे आणि खेकडे कुरतडायला घेतात. आंबोळीचं पीठ आंबू देतो ना आपण? तोच प्रकार. त्यांनी सांडलेला चुरा खाली जाळंवाल्यांना मिळतो आणि जाळंवाले माशांना. प्लास्टिक, थर्माकोल, निर्माल्याच्या पिशव्या काढायच्या असतील तर मीही येतो.

राहिला जेसीबी. आटलेल्या पात्रात गोटे-वाळू उपसत गेलं की ओल लागते, तिथे बारीकसारीक पिल्लं तग धरून असतात. खेकडे बिळात उतरलेले असतात. बाकीच्यांना पंख फुटून ते उडालेले असतात, अंडी घालायला परत येतात. कुणी चिपळूणचं नाव घेईल. तिथे २०२१च्या पुरानंतर वाशिष्ठी नदीतला गाळ काढला, तो शहराजवळ साचलेला. ते उदाहरण वाडीच्या पऱ्याला कसं लावणार?

आणि कोंडीत पावडर टाकली की मासे तडफडून वर येतात. ते गोळा करायला पिशवी घेऊन कोण येतं, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मेसेज तिथूनच निघाला असावा, असा मला दाट संशय आहे.