‘मशीन लावत नाहीत, शर्ट घालायला लावतात’: एक तारा दिलेल्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात अशी: स्ट्रोकनंतर वडिलांना नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या फिजिओथेरपी सेंटरवर आणलं, २४ सिटिंग झाल्या, १४,४०० रुपये गेले. करंट नाही, पुली नाही, पट्ट्यांनी टांगून चालवायची ट्रेडमिल नाही. नुसती खुर्चीवरून ऊठबस आणि अर्धा अर्धा तास शर्ट घालणं, तेही घरच्यांना हाताशी धरून. आणि ‘महिन्यात चालतील’ म्हणाले होते, दीड महिन्यानंतरही काका काठीवरच आहेत.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे चूक आमची आहे. ‘महिन्यात चालतील’ हे आमच्या काउंटरवरून बोललं गेलं असेल तर ते बोलायला नको होतं. अंदाज बांधता येतो, पण तो महिन्याचा नसतो. नेदरलँड्समधल्या २०११ च्या एका अभ्यासात असं दिसलं की स्ट्रोकनंतर ७२ तासांत ज्यांना आधाराशिवाय ३० सेकंद बसता आलं आणि कमजोर पाय थोडा तरी हलवता आला, त्यांची स्वतःच्या पायांवर चालण्याची शक्यता सुमारे ९८ टक्के होती. दोन्ही जमत नव्हतं त्यांची सुमारे २७ टक्के. आणि हे आकडे ६ महिन्यांनंतरचे आहेत. पहिल्या दिवशी तुम्हाला हे असंच समजावून सांगायला हवं होतं.

आता ट्रेडमिल. अमेरिकेत ४०८ रुग्णांवर ‘लीप्स’ नावाची मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०११ मध्ये आले. काहींना पट्ट्यांनी वजन उचलून ट्रेडमिलवर चालवलं, काहींच्या घरी फिजिओने जाऊन ताकद आणि तोल यांचे व्यायाम घेतले. वर्षअखेरीला सगळे मिळून ५२ टक्के लोकांचं चालणं वरच्या पायरीवर गेलं होतं, आणि गटागटांत म्हणण्याजोगा फरक नव्हता. म्हणून आम्ही त्या यंत्रात पैसे घातले नाहीत. पण तुमचं म्हणणं अगदीच चूक आहे असंही नाही. पहिल्या तीन महिन्यांत जो रुग्ण मुळीच चालू शकत नाही, त्याला नेहमीच्या फिजिओथेरपीबरोबर पाय हलवून देणारं रोबोटिक यंत्र मिळालं तर स्वतंत्रपणे चालणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, असं अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसतं. असा रुग्ण आला तर तसं यंत्र असलेल्या ठिकाणी जायला आम्ही सांगतो. काठीवर चालणाऱ्या माणसाला त्याचा तेवढा फायदा नाही.

ऊठबस ‘नुसती’ वाटते हे समजू शकतो. पण पायाला लागतात ती आवर्तनं, म्हणजे तीच हालचाल पुन्हा पुन्हा. अमेरिका-कॅनडातल्या केंद्रांत संशोधकांनी शेजारी उभं राहून मोजलं (२००९), तेव्हा चालण्याच्या सरावाच्या एका सिटिंगमध्ये सरासरी ३५७ पावलं निघाली आणि हाताच्या उपयोगी हालचाली अवघ्या ३२. मेंदूत नवी जुळणी व्हायला हे फार कमी आहे. पंचेचाळीस मिनिटांतली वीस मिनिटं पडून करंट घेण्यात गेली, तर मोजायला उरतं काय? पाऊल उचलताना त्याच क्षणी पंजा वर ओढणारं विजेचं स्टिम्युलेशन वेगळं, त्याने चालण्यात साधारण पंजा वर धरून ठेवणाऱ्या स्प्लिंटइतका फरक पडतो. मालीशने बरं वाटतं, जरूर करा, पण ते सिटिंगच्या वेळेत नको.

ऊठबस कशी करायची हे इथे लिहितो, कारण घरी नेमकी इथेच गडबड होते. खुर्ची बिनचाकाची, भिंतीला टेकवलेली. सुरुवातीला बैठक ५० ते ५५ सेंटिमीटर उंच हवी, म्हणजे नेहमीच्या खुर्चीवर घट्ट उशी. जमू लागलं की उशी काढायची. दोन्ही पाऊलं गुडघ्यांच्या मागे घ्यायची आणि कमजोर पाऊल चांगल्यापेक्षा चार बोटं आणखी मागे. हे चार बोटं विसरलं की माणूस सगळं वजन चांगल्या पायावर घेऊन उठतो, आकडा वाढतो आणि कमजोर पाय तसाच राहतो. मग नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत वाकायचं आणि उठायचं. उभं राहिल्यावर गुडघा मागे ढकलला जात असेल तर थांबवायचं. मांडी कमजोर किंवा पोटरी आखडलेली असली की असं होतं, आणि तसंच रेटलं तर गुडघा दुखायला लागतो. दहा-दहाचे पाच फेरे, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. बसताना धप्पकन नाही, मनात तीन मोजत. खरी मेहनत बसण्यातच आहे.

शर्टाचं म्हणाल तर तो व्यायामच आहे. बार्थेल नावाची १०० गुणांची मोजणी असते. तिच्यात खाणं, अंघोळ, कपडे, संडास, पलंगावरून खुर्चीवर जाणं, जिना अशा दहा गोष्टी येतात. चालण्याला त्यात १५ गुण आहेत, बाकीचे ८५ इतर कामांचे. शर्ट घालताना बसल्या जागी तोल, कमजोर हाताकडे लक्ष आणि क्रम, तिन्ही लागतात. आधी कमजोर हात बाहीत, काढताना आधी चांगला हात बाहेर. उलट केलं की खांदा पिळवटतो.

पुली आम्ही मुद्दाम लावत नाही. स्ट्रोकनंतर बऱ्याचदा खांद्याचे स्नायू सैल पडून सांधा खाली उतरलेला असतो. अशा वेळी चांगल्या हाताने दोरी ओढून कमजोर हात डोक्यावर नेला की आतल्या शिरा-स्नायू चेमटतात, आणि दुखणारा खांदा पुढे महिनोन् महिने सगळाच व्यायाम अडवतो. म्हणूनच काकांना उठवताना दंडाला किंवा काखेत धरून ओढू नका. कमरेला पट्टा बांधा आणि पट्ट्याला धरा.

घरच्यांना कामाला लावण्यावर तुमचा राग अर्धा रास्त आहे. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर ‘अटेंड’ चाचणी झाली (२०१७). नेहमीच्या उपचारांवर भर म्हणून घरच्यांना शिकवून त्यांच्याकडूनच पुनर्वसन करून घेतलं, तरी सहा महिन्यांनंतर काही फरक दिसला नाही. म्हणजे कुटुंब ही फिजिओची बदली नव्हे. नवीन गोष्ट शिकवणं आणि चूक पकडणं हे आमचं काम, घरी फक्त जमलेल्याची आवर्तनं. ही वाटणी तुम्हाला पहिल्या आठवड्यात लिहून द्यायला हवी होती.

राहिली काठी. काकांचे आकडे इथे जाहीर लिहिणार नाही, ते तुमच्या फाइलमध्ये आहेत. ते कसे वाचायचे ते सांगतो. दहा मीटर चालायला २५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर चालणं घरापुरतं धरतात. साडेबारा ते २५ सेकंदांत बाहेर थोडंफार, साडेबाराच्या आत मोकळेपणाने. (द्वारका चौक यात धरू नये, तिथल्या रहदारीत धडधाकट माणूसही थांबतो.) पहिल्या काही महिन्यांत वेग सेकंदाला ०.१६ मीटरने वाढला तर तो खरा फरक मानतात, म्हणजे ३४ सेकंदांवरून २२ वर येणं. पहिली आणि शेवटची नोंद शेजारी ठेवून पाहा. काठी तीच असली तरी वेळ बदललेली असू शकते. नसेल बदलली तर सराव बदलावा लागेल, आणि ते आम्ही तुम्हाला स्पष्ट सांगू.

पॅकेजमधल्या उरलेल्या सिटिंगचे पैसे हवे असतील तर पावती दाखवून काउंटरवरून घेऊन जा, कारण विचारणार नाही. दुसरीकडे जाणार असाल तर सगळ्या मोजणीची प्रत सोबत देऊ. आणि फेरमोजणीला यायचं ठरवलंत तर तिचे पैसे नाहीत. काकांना चपलेवर आणू नका, मागून पट्टा असलेली सँडल किंवा बूट घाला. स्प्लिंट असेल तर बूट एक नंबर मोठा घ्या आणि आतला तळवा काढा. स्प्लिंट काढल्यावर कातडीवरचा लाल वळ वीस मिनिटांत गेला नाही तर ती परत न घालता तशीच घेऊन या, कुठे घासते ते पाहून दुरुस्त करून देऊ.