दोघांना एक कार्ड चालत नाही

तुमच्या लेखात दोघा मित्रांनी एकाच बँक कार्डावर रेल्वे-बसने नेदरलँड्स फिरावं असं सुचवलंय, तेवढं कृपया दुरुस्त करा. तिथे प्रवास सुरू करताना (चेक-इन) आणि संपवताना (चेक-आउट) यंत्रावर कार्ड टेकवायचं असतं, आणि माणशी एक कार्ड लागतं. दुसऱ्यासाठी तेच कार्ड पुन्हा टेकवलं, तर पहिल्याचं चेक-आउट होतं! चेक-इन फोनने केलं तर चेक-आउटही फोननेच. खातं एक असलं तरी यंत्राला फोन आणि कार्ड ही दोन वेगळी कार्डं वाटतात. रेल्वेगाडीची कंपनी बदलली की आधीच्या कंपनीच्या कार्ड टेकवायच्या खांबावर चेक-आउट, नव्याच्या खांबावर चेक-इन. हे हमखास विसरतं.

स्किपोल (ॲमस्टरडॅमचा विमानतळ) ते रॉटरडॅम इंटरसिटी डायरेक्ट या वेगवान गाडीला अधिभार पडतो. तो टाळायचा तर लायडन, हेगमार्गे साध्या इंटरसिटीने जा, वेळ थोडा जास्त लागतो. ॲमस्टरडॅम सेंट्रल स्टेशनमागची फेरीबोट मात्र फुकट आहे.