एक बटण तुटलं म्हणून

आज एका मेकरस्पेसमध्ये, म्हणजे कुणीही येऊन अवजारं-यंत्रं वापरून वस्तू बनवू शकतो अशा सामायिक कार्यशाळेत, जाऊन आले. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

खोली एकच. भिंतीवर करवती, पटाश्या, पकडी टांगलेल्या आणि प्रत्येकीमागे तिच्याच आकाराची रेघ, म्हणजे कोण जागेवर नाही ते लांबूनच कळतं. लेझर कटरवर मोठ्ठी पाटी, ‘पीव्हीसी कापू नये’. (विषारी वायू सुटतो म्हणे. मला आजच कळलं.) आणि थ्रीडी प्रिंटरसमोर (प्लास्टिकचे थरावर थर चढवून वस्तू बनवतो तो) एक आजी टक लावून बसलेल्या. वॉशिंग मशीनचं फिरवायचं बटण छापत होत्या.

आमच्यातला एकजण हसला. "एवढा खटाटोप? नवीन मशीन घ्या की!"

तिथेच माझी सटकली. आमचं धडधाकट मशीन असंच एका बटणापायी भंगारात गेलं. कंपनीचा माणूस म्हणाला, सुटं बटण मिळत नाही, अख्खं पॅनेल घ्या. मोटर ठणठणीत, ड्रम ठणठणीत, आणि मशीन बाद! २००५ साली बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी रेपरॅप सुरू केला. स्वतःचे बरेचसे भाग स्वतःच छापणारा प्रिंटर, आणि त्याचे आराखडे सगळ्यांना खुले. तिकडे माणूस अख्खं यंत्र वाटून मोकळा होतो, इकडे यांना एक बटण सुटं देववत नाही?

आजींचं ते तिसरं बटण होतं. बटण ज्यावर बसतं ती मशीनची दांडी पूर्ण गोल नसते, एका बाजूने सपाट असते. पहिल्या बटणाचं भोक बारीक पडलं, दुसरं नुसतंच गरगर फिरलं. मग व्हर्निअरने पुन्हा मोजून त्यांनी भोक ०.२ मिलिमीटरने कमी केलं. तोंडाने प्रिंटरचा उद्धार चालूच.

हो, मान्य, दोन बटणं वाया गेली. आणि बटण छापलं ते प्लास्टिक, पीएलए, साठेक अंश सेल्सिअसला मऊ पडतं, तेव्हा गॅसला असलं बटण लावू नका. बरं.

पण खरं सांगू? मशीन भंगारात जाण्याआधी महिनाभर बाबा पकडीने ती दांडी फिरवून कपडे धूत होते. तेव्हा त्यांना हसणाऱ्यांत मी पहिली होते.

निघताना आजींकडून ते सैल झालेलं बटण मागून घेतलं आणि घरी येऊन बाबांच्या हातात ठेवलं. त्यांनी चष्मा लावून भोकातून आरपार बघितलं.

"कागदाची घडी घातली असती तर बसलं असतं की हे."